रनिंग किती झालंय?

आमच्या ऑफिसात 'मायलेज' म्हटलं की लिटरला किती देते, एवढाच अर्थ. जुनी गाडी घ्यायला निघालात की दुसरं मायलेज आडवं येतं. गाडी आजवर किती फिरली ते. डीलर त्याला 'रनिंग' म्हणतात. मध्यंतरी दोन महिने या रनिंगने माझं डोकं खाल्लं.

झालं असं, की आई-बाबा असतात चिखलीला, बुलढाणा जिल्ह्यात. आईची ट्रीटमेंट छत्रपती संभाजीनगरला, दर तीन आठवड्यांनी. देऊळगाव राजा, जालना करत एसटीने जायचं आणि संध्याकाळी थकलेल्या आईला स्टँडवर बसवून परतीच्या गाडीची वाट बघायची. बाबा कधी काही बोलले नाहीत, पण मला इथे पुण्यात बसून ते दिसत होतं. ठरवलं, गाडी घ्यायची. बजेट साडेतीन लाख, त्यातले दोन बाबांनी पेन्शनमधून साठवलेले. म्हणजे चुकायला वाव नाही.

एक्सेल शीट केली (सवय!). गाळून गाळून दोन गाड्या उरल्या. मॉडेल एकच, पेट्रोल, दोन्ही २०१५ च्या. पुण्यातल्या डीलरकडची ३८,००० किलोमीटर. दुसरी बुलढाण्याची, एमएच २८ पासिंग, तब्बल १,१२,०००! मालक बियाण्यांच्या कंपनीत, रोजचं खामगाव-मेहकर-लोणार फिरणं. शीटने लगेच निकाल दिला : पुण्याची घ्या.

बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ट्रॅक्टर घेताना कोणी किलोमीटर विचारतं का रे?"

खरंच की! आमच्याकडे जुना ट्रॅक्टर घेताना विचारतात, किती तास चाललाय. त्याला मीटरच तासांचा असतो. म्हटलं चला, गाड्यांचेही तास काढू. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सरासरी वेग ताशी १५ धरला, तर ३८,००० किलोमीटरचे होतात साधारण २,५३० तास. मोकळ्या रस्त्यावर ४५ धरला, तर १,१२,००० चे २,४९० तास. म्हणजे दोन्ही इंजिनं जवळपास सारखीच चाललेली! शिवाय सिग्नलला-सिग्नलला दाबलेला क्लच पुण्याच्या गाडीचा.

अर्थात वेग माझ्या अंदाजाचे, आणि तासांत सगळं मोजता येत नाही. टायर, बेअरिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर किलोमीटरनेच झिजतात. बेल्ट आणि होजपाइपचं रबर तर गाडी नुसती उभी असली तरी वर्षांनी कडक होतं.

मग बाबांनी चिखलीच्या मिस्त्रींना फोन दिला. "भाऊ, काट्यावर जाऊ नका. काटा सांगते ते खोटं असू शकते. पायडलचं रबर पाहा, टायर पाहा, बोनट उघडून पाहा."

शनिवारी पुन्हा डीलरकडे. ब्रेक पेडलचं रबर एका बाजूने पार गुळगुळीत. टायरवर डीओटी या अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार अंकांत बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. चारही टायर २०१९ चे, आणि तेही संपत आलेले. एक सेट साधारण ४०-५० हजार किलोमीटर जातो. मग ३८,००० मध्ये दुसरा सेट कसा संपला? बोनटखाली ऑइल बदलल्याचा मळका स्टिकर होता : पुढची सर्व्हिस ७०,००० ला.

डीलर म्हणाला, "दुसऱ्या गाडीचा चिकटला असेल."

घ्या! डिजिटल मीटर म्हणजे चिपमधला एक आकडा, लॅपटॉप जोडून बदलता येणारा. रोज डेटाबेसमध्ये हात घालणाऱ्या माणसाला हे सुचू नये? ऑफिसात लॉग नसलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, आणि इथे बाबांची पेन्शन लावायला निघालो होतो. परिवहनच्या साइटवर मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, एवढं कळतं. किलोमीटर नाही.

बुलढाण्याच्या गाडीला लॉग होता. फाइलमध्ये दर दहा हजारांचं बिल, प्रत्येकावर तारीख आणि किलोमीटर. मिस्त्रींना शेजारी बसवून राजूर घाट चढलो. चढाला क्लच थोडा सरकला. क्लच आणि पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलावे लागणार म्हणून पंचवीस हजार कमी करून घेतले. रनिंगचा खरा उपयोग मला इथे कळला. आकडा खरा असेल तर पुढचे खर्च कोणते ते समजतं आणि भाव करता येतो. गाडी घ्यायची की नाही हे त्या एकट्या आकड्यावर ठरवू नये, इतकंच.

असो. गेल्या गुरुवारी बाबांचा फोन आला. परतताना आई मागच्या सीटवर आडवी होऊन चिखली येईपर्यंत झोपली म्हणे. काटा आता १,१२,८४० वर आहे. बाबांनी वहीत लिहून ठेवलाय, तारखेसकट.