मेल परत येणं थांबलं तेव्हा

परीक्षेच्या अर्जांची घाई चालू होती आणि विद्यापीठाला पाठवलेले आमच्या कॉलेजचे मेल एकाएकी परत यायला लागले. कॉलेजचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. बाहेर जाणाऱ्या मेलची रांग एरवी रिकामीच असते. त्या दिवशी कितीही खाली गेलो तरी ती संपेना. सगळे मेल ग्रंथपाल मॅडमच्या खात्यातून निघालेले, आणि मजकूर परदेशी लॉटरीचा. लॉग पाहिला, तर पासवर्ड पहिल्याच फटक्यात बरोबर पडलेला. कुलूप कुणी फोडलं नव्हतं, किल्ली लावूनच आत आलं होतं.

खातं बंद केलं आणि लायब्ररीत गेलो. मॅडम रडवेल्या झाल्या होत्या. "सर, 'मेल पोचला नाही' असे इंग्रजी निरोप मधे सारखे येत होते. तुम्हाला विचारणार होते, पण वाटलं, तुम्ही म्हणाल मीच कुठेतरी क्लिक केलं. मग ते आपोआप थांबले."

ते थांबले कसे? स्पॅम तर चालूच होता. मी त्यांच्या मेलबॉक्सची सेटिंग उघडली. तिथे एक फिल्टर लावलेला होता: न पोचल्याचा निरोप आला की तो थेट कचऱ्यात. म्हणजे मॅडमना सुगावाच लागू नये. त्याखाली एक अनोळखी पत्ता; येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत तिकडे जात होती. नुसता पासवर्ड बदलून मी परतलो असतो, तर ती प्रत पुढेही जातच राहिली असती. म्हणून आता कुणाचंही खातं सोडवताना मी फिल्टर, फॉरवर्डिंग, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर आणि कुठल्या कुठल्या यंत्रांवर लॉगिन चालू आहे, हे सगळं तपासतो.

किल्ली गेली कुठून, तेही कळलं. २०१३ साली ट्रॉय हंट यांनी सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर मॅडमचा पत्ता टाकला, तर खरेदीच्या एका जुन्या साइटच्या चोरीत तो निघाला. पासवर्ड दोन्हीकडे एकच होता. पत्ता आणि पासवर्डच्या अशा चोरलेल्या जोड्या प्रोग्रॅम लावून शेकडो ठिकाणी लावून पाहिल्या जातात. यात मॅडमना काय बोल लावायचा?

एवढ्या स्पॅममुळे आमचा सर्व्हर काळ्या यादीत गेला होता, म्हणूनच विद्यापीठाकडून मेल परत येत होते. तो निघेपर्यंत शिपाईकाका परीक्षेची माहिती पेनड्राइव्हवर घेऊन एसटीने विद्यापीठात जात होते.

प्राचार्यांना वाटत होतं, दरमहा पासवर्ड बदलण्याची सक्ती करावी. मी विरोध केला. अशी सक्ती झाली की लोक जुन्याच पासवर्डपुढे १, २, ३ लावतात; अमेरिकेच्या 'निस्ट' या संस्थेनेही २०१७ मध्ये ती करू नये असंच सांगितलं. त्याऐवजी प्रत्येक खात्याला दुसरीकडे कुठेही न वापरलेला लांब पासवर्ड, मोबाइल अ‍ॅपमधल्या कोडची दुसरी पायरी, आणि एका तासात एका खात्यातून किती मेल जातील यावर मर्यादा, एवढं केलं.

परिपत्रकात एक ओळ मात्र मी आग्रहाने घालून घेतली: काहीही वेगळं दिसलं तर लगेच कळवा, कुणालाही जाब विचारला जाणार नाही. त्याच आठवड्यात लेखा विभागातून फोन आला. मेलबॉक्स भरल्याचा मेल होता, आणि त्यातली लिंक अजून उघडलेली नव्हती.