दक्षिण बेटाचा घाटमाथा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर फॉक्स ग्लेशियर नावाचं एक गाव आहे आणि माउंट कुक व्हिलेज नावाचं दुसरं. आभाळ मोकळं असेल तर दोन्ही गावांतून एकच शिखर दिसतं: आओराकी, म्हणजेच माउंट कुक, ३७२४ मीटर, देशातलं सर्वांत उंच. नकाशावर पट्टी ठेवली तर या दोन गावांत तीसेक किलोमीटर अंतर भरतं. गाडीने जायचं तर पावणेपाचशे किलोमीटर पडतात. आमच्या सहलीचा आराखडा या दोन आकड्यांपासून सुरू झाला. माझा थोरला भाऊ सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला अभियंता. त्याने चष्मा कपाळावर चढवून नकाशा पाहिला आणि म्हणाला, “मधे डोंगर आहे आणि घाट नाही. आता घाट कुठे कुठे आहेत ते आधी शोध. गावं मग बघू.”

घाट शोधले. सदर्न आल्प्सची रांग बेटाच्या लांबीतून पाचेकशे किलोमीटर गेली आहे आणि ती ओलांडून पश्चिम किनाऱ्याला उतरणारे हमरस्ते तीनच आहेत: उत्तरेला लुइस पास, मधे आर्थर्स पास, दक्षिणेला हास्ट पास. त्याच्याही खाली मिलफर्ड साउंडला जाणारा रस्ता आहे, पण तो समुद्राशी संपतो. आल्या वाटेनेच परतावं लागतं.

आता वारा. पश्चिमेच्या टास्मान समुद्रावरून येणारा वारा या रांगेला अडतो, वर चढतो, पाणी पश्चिम उतारावर ओततो आणि कोरडा होऊन पूर्वेला उतरतो. मराठी माणसाला याहून जास्त समजवावं लागत नाही. कोकण, घाटमाथा आणि देश अशी आपली मांडणी तिथे जशीच्या तशी आहे, फक्त तिथला पाऊस चार महिन्यांत उरकत नाही, वर्षभर पडतो. मिलफर्डला वर्षाला सहा मीटरहून जास्त, म्हणजे आंबोलीच्या तोडीचा. हॉकिटिका गावामागच्या डोंगरात क्रॉप नदीचं खोरं आहे, तिथे सरासरी अकरा मीटरच्या घरात. आणि रांगेच्या आडोशाला असलेल्या अलेक्झांड्राला जेमतेम साडेतीनशे मिलिमीटर, आपल्या माणदेशाहूनही कमी.

एवढं समजल्यावर मुंबईहून मिळालेला तयार कार्यक्रम आम्ही बाजूला ठेवला. त्यात रोज नवं गाव होतं, आणि सगळ्यात कमी मुक्काम नेमके पावसाच्या बाजूला. आम्ही उलट केलं. पश्चिमेला आणि मिलफर्डच्या वाटेवर रात्री जास्त ठेवल्या, पूर्वेला कमी. पूर्वेचं आभाळ पहिल्याच दिवशी दर्शन देण्याची शक्यता बरी असते. पश्चिमेला त्याची वाट पाहावी लागते. क्राइस्टचर्चहून निघायचं, आर्थर्स पासने किनाऱ्याला उतरायचं, किनाऱ्याने दक्षिणेला जाऊन हास्ट पासने वर यायचं, मिलफर्ड करून कोरड्या बाजूने परतायचं. महिना मार्चचा धरला. डिसेंबर-जानेवारीत तिथल्या शाळांना सुट्ट्या असतात, गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली. हिवाळ्यात मिलफर्डच्या रस्त्यावर हिमकडे कोसळतात आणि चाकांना बांधायच्या साखळ्या सोबत ठेवाव्या लागतात. मार्चमध्ये उन्हाळा ओसरत असतो आणि रस्ते मोकळे व्हायला लागतात.

वाहन कुठलं घ्यायचं यावर घरात वाद झाला. माझ्या बायकोला कॅम्परव्हॅन हवी होती, म्हणजे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. दादा म्हणाला, “घाटात मला घर चालवायचं नाहीये.” शेवटी साधी मोटार घेतली आणि मुक्कामाला हॉलिडे पार्क निवडले. तिथे खोल्या असतात आणि सगळ्यांसाठी मिळून एक मोठं, टापटीप स्वयंपाकघर असतं. वहिनींचं पिठलं-भात त्या स्वयंपाकघरांमुळेच शक्य झालं. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, त्यामुळे हात बसायला वेळ लागला नाही. परवाना इंग्रजीत असला की चालतो; तरी आम्ही आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला.

सामान भरताना विमानाच्या वजनमर्यादेइतकीच काळजी तिथल्या जैवसुरक्षा तपासणीची घ्यावी लागते. बाहेरून कीड, बियाणं, रोगजंतू येऊ नयेत याबद्दल हा देश फार कडक आहे. जवळ खायचं काही असेल तर ते अर्जात लिहायचं. लपवलेलं सापडलं तर जागीच ४०० डॉलर दंड. मध तर न्यायचाच नाही. वहिनींनी चिवडा, मेतकूट, मसाले अशी यादीच करून दिली आणि अधिकाऱ्यासमोर एकेक पुडी उघडून दाखवली. त्याने सगळं परत दिलं. त्याला खरी चिंता होती ती माझ्या ट्रेकिंगच्या बुटांची. मी घरीच ते ब्रशने घासून धुतले होते, तरी त्याने तळवे उलटे करून खाचांतून नजर फिरवली. राजगडाची माती त्या देशात जाऊ शकत नाही.

क्राइस्टचर्चहून पश्चिमेला निघालं की तासभर सपाट कँटरबरी मैदान आणि मग एकदम चढण. पोर्टर्स पास चढून आलं की कॅसल हिलचे चुनखडीचे प्रचंड राखाडी गोटे लागतात, मेंढ्यांच्या कुरणात उभे. हॉकिटिकापर्यंतचं अंतर अडीचशे किलोमीटरच्या आत-बाहेर. फोनवरचा नकाशा साडेतीन तास सांगत होता, आम्हाला अख्खा दिवस लागला. पर्वतातल्या रस्त्यांसाठी फोनने सांगितलेल्या वेळेची दुप्पट धरावी आणि दिवसाला एवढाच टप्पा ठेवावा. मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा असते, पण वळणावर ती गाठायची सक्ती नसते. मागे गाड्या साचल्या की कडेला थांबून त्यांना पुढे जाऊ द्यायचं, हा तिथला रिवाज दादाला फार आवडला.

आर्थर्स पास ९२० मीटरवर आहे. आर्थर डॉब्सन या भूमापकाने १८६४ मध्ये ही वाट पाहिली आणि पाठोपाठ पश्चिम किनाऱ्यावर सोनं सापडल्यामुळे इथून घाईघाईने रस्ता काढला गेला. खिंडीपलीकडचा उतार म्हणजे सुट्या दगडांची घसरण. जुना रस्ता त्या घसरणीवरून नागमोडी उतरायचा आणि सारखा दबायचा. १९९९ मध्ये त्याऐवजी ओटिरा व्हायाडक्ट झाला, ४४० मीटर लांबीचा पूल, दरीवरून अधांतरी काढलेला. त्याच्या खाली एका ठिकाणी धबधब्याचं पाणी काँक्रीटच्या पन्हाळीतून रस्त्याच्या डोक्यावरून पलीकडे सोडलंय. दादा दर्शनस्थळाच्या कठड्याशी इतका वेळ उभा राहिला की आमचा चहा निवला. “डोंगराशी भांडले नाहीत,” तो म्हणाला, “बाजूने वाट काढली.” तोवर किया नावाच्या हिरव्या पहाडी पोपटाने आमच्या गाडीच्या काचेचं रबर उचकटायला घेतलं होतं. या पक्ष्यांना खायला घालू नये असे फलक जागोजाग आहेत. रबर मात्र ते स्वतःच्या हिमतीवर खातात.

खिंड ओलांडली आणि अर्ध्या तासात जंगल बदललं. झाडांच्या खोडांवर शेवाळ, मोठमोठे नेचे, रस्त्यावर ओल. हॉकिटिकाला समुद्र करडा होता आणि किनाऱ्यावर वाहून आलेल्या ओंडक्यांचा खच पडला होता. इथल्या नद्यांत पौनामू हा हिरवा दगड मिळतो. माओरी लोक त्याची हत्यारं आणि गळ्यातली लेणी घडवत आले आहेत, आणि त्याच्यासाठी आर्थर्स पास रस्त्याच्या कितीतरी आधीपासून ही रांग पायी ओलांडत आले आहेत. किनाऱ्यावर आणखी एक स्थानिक रहिवासी भेटतो: सँडफ्लाय, बारीक काळं चावरं चिलट. १७७३ मध्ये कॅप्टन कुकनेही त्यांच्याविषयी तक्रार लिहून ठेवली आहे. मलम पुण्याहून नेलेलं काही कामाला आलं नाही. तिथल्याच दुकानातलं आलं.

फ्रान्झ जोसेफ या हिमनदीजवळच्या गावाला पोचलो तेव्हा पाऊस लागलेला. हिमनदीवर पायी जायची सोय २०१२ पासून बंद आहे. बर्फ इतका मागे सरलाय की त्याच्या तोंडाशी उभं राहणं धोक्याचं झालंय, त्यामुळे वर जायचं तर हेलिकॉप्टरने, आणि हेलिकॉप्टर ढगांत उडत नाही. राखून ठेवलेल्या रात्री इथे कामी आल्या. पहिल्या दिवशी आम्ही नदी बघायला गेलो. वाइहो नदी डोंगरातून इतका गाळ आणते की तिचं पात्रच वर येत चाललंय. मार्च २०१९ मध्ये वरच्या खोऱ्यांत दोन दिवसांत एक मीटरहून जास्त पाऊस झाला आणि गावाशेजारचा पूल वाहून गेला. पंचवीस किलोमीटरच्या आतली फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स ही शेजारगावं हजार किलोमीटरच्या वळशाने एकमेकांना जोडलेली उरली. तीन आठवड्यांच्या आत नवा बेली पूल उभा राहिला. शिवाय या गावाखालून अल्पाइन फॉल्ट हा भूभंग जातो. त्याचा शेवटचा मोठा भूकंप १७१७ चा. डोंगर उचलला जातोय, पाऊस तो झिजवतोय, आणि दोघांच्या मधे एक रस्ता. “इथल्या कार्यकारी अभियंत्याची बदली मागायला नको,” दादा म्हणाला, “इथे माणूस कंटाळणारच नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ढग फाटले. हेलिकॉप्टर उडालं, आम्ही बर्फावर उभे राहिलो. तिथून निळ्या भेगा दिसत होत्या आणि मागे वळलं की हिरवं जंगल आणि त्यापलीकडे समुद्र. त्याविषयी छायाचित्रं जास्त सांगतील. पण एकच रात्र धरली असती तर ती छायाचित्रं काढताच आली नसती.

फॉक्सच्या पुढे वस्ती विरळ होते. पेट्रोल दिसेल तिथे भरून घ्यावं. इथल्या एकपदरी पुलांचं चिन्ह नीट पाठ करून ठेवावं: गोल पाटीत आपला बाण लाल आणि बारीक असेल तर थांबायचं, निळ्या पाटीवर आपला बाण पांढरा आणि मोठा असेल तर आपला हक्क. हास्ट नदीवरचा पूल ७३७ मीटर लांब आहे, आणि तोही एकपदरी. मधे गाड्यांना बाजू द्यायला जागा रुंद केली आहे. नद्या फार आणि गाड्या थोड्या, तर पैसा पुलाच्या लांबीवर घालवायचा, रुंदीवर नाही, हा हिशेब दादाला लगेच पटला. त्याआधी नाइट्स पॉइंटला थांबलो. किनाऱ्याचा हा शेवटचा तुकडा जोडून रस्ता १९६५ मध्ये पुरा झाला, आणि या जागेला नाव मिळालंय ते भूमापकाच्या कुत्र्याचं.

हास्ट पास जेमतेम ५६४ मीटर. चढ जाणवतही नाही. जाणवतो तो पलीकडचा बदल. माकारोरानंतर जंगल मागे पडतं, वानाका आणि हावेआ तळी लागतात, गवत पिवळं पडतं. सकाळी रेनकोट घातलेले आम्ही संध्याकाळी वानाकाच्या काठावर टोप्या शोधत होतो. क्वीन्सटाउनला क्राउन रेंजच्या १०७६ मीटरवरच्या रस्त्याने उतरलो. गाव गजबजलेलं आहे, तिथे आम्ही रेंगाळलो नाही.

मिलफर्डसाठी मुक्काम ते आनाउला केला. तिथून मिलफर्ड ११९ किलोमीटर. वाटेत मोबाइलला रेंज नाही. पाऊस पहाटेपासूनच होता. वहिनी म्हणाल्या, “अहो, पाऊस बघायला एवढ्या लांब आलो का आपण?” दादा काही बोलला नाही. होमर बोगद्याशी दिवा लाल होता, तेवढ्या वेळात त्याने आम्हाला सगळं सांगितलं: महामंदीत बेकारांना काम द्यायला १९३५ मध्ये कुदळी आणि हातगाड्यांनी काम सुरू झालं, हिमकड्यांखाली माणसं गेली, महायुद्धाने खंड पाडला, आणि १९५४ मध्ये रस्ता खुला झाला. सव्वा किलोमीटर लांब, दहास एक उतार, आत अस्तर नसलेला ओबडधोबड खडक. दुसऱ्या टोकाला बाहेर पडलो आणि वहिनींना उत्तर मिळालं. क्लेडाउ दरीच्या उभ्या कड्यांवरून, जिथे नजर टाकावी तिथून, पाणी कोसळत होतं. कोरड्या दिवशी यातले बहुतेक धबधबे नसतातच.

बोटीवरून मायटर पीक या शिखराचं टोक दिसलं नाही. त्याची खंत वाटायला सवड नव्हती. स्टर्लिंग धबधब्याखाली बोट नेली तेव्हा वहिनी डेकवरून हलायला तयार नव्हत्या. पावसाचं गोडं पाणी इथे समुद्राच्या पाण्यावर थर धरून राहतं, आणि जंगलातल्या पालापाचोळ्याने ते चहासारखं गडद झालेलं असतं. खाली उजेड कमी पोचतो, म्हणून एरवी खोल समुद्रात राहणारं काळं पोवळं इथे थोड्याच मीटरवर वाढतं. समुद्राच्या तळापर्यंत या पावसाची सत्ता आहे.

परतीचा रस्ता कोरड्या बाजूचा. क्रॉमवेलला फळांची दुकानं, लिंडिस पासला मैलोगणती तांबूस गवत, मग पुकाकी तळं, हिमनद्यांनी दळलेल्या खडकाच्या पिठीमुळे दुधी निळं झालेलं. टोकाशी आओराकी. १९९१ पर्यंत त्याची उंची ३७६४ मीटर सांगत. त्या डिसेंबरात माथ्याचा कडा कोसळला, उरलेलं बर्फ पुढे झिजलं आणि आकडा खाली आला. एडमंड हिलरी १९४८ मध्ये या शिखराच्या दक्षिण धारेवरून चढले, एव्हरेस्टच्या पाच वर्षं आधी. आम्हाला ते पहिल्याच संध्याकाळी पूर्ण मोकळं दिसलं. रांगेच्या माथ्यावर पश्चिमेचे ढग येऊन थबकले होते, आणि आमच्या डोक्यावर ऊन.

आता ओळखीचे लोक आमचा कार्यक्रम मागतात, तेव्हा मी गावांची यादी देत नाही. पश्चिमेला किती रात्री देणार, एवढंच विचारतो. दोन-तीन म्हणाले तर आमची वाट सुचवतो. एकच रात्र म्हणाले तर सांगतो, गाडी क्राइस्टचर्चलाच ठेवा आणि ट्रान्झअल्पाइन रेल्वेने ग्रेमाउथला जाऊन त्याच दिवशी परत या. साडेआठ किलोमीटरचा ओटिरा बोगदा ओलांडताना देशावरून कोकणात उतरल्याचं खिडकीतून कळतं, पाऊस असला तरी गाडी वेळेवर पोचायची शक्यता चांगली असते, आणि वाचलेल्या रात्री पूर्वेच्या उन्हात घालवता येतात.