दोन दिवसांचे नाशिक : मुक्काम कुठे टाकावा?

अलीकडे आपल्या वस्त्यांमधली नोकरदार मुले जोडून सुट्टी आली की नाशिकला द्राक्षमळे पाहायला निघतात. आई-वडिलांनाही बरोबर नेतात, ही चांगली गोष्ट आहे. पण राहायचे कुठे, यावरून घरात वाद होतो. मुलाने मोबाईलवर मळ्यातली खोली पाहून ठेवलेली असते. आजीला त्रिरश्मी लेणी पाहायची असतात. आणि घर चालवणाऱ्या बाईचे म्हणणे एवढेच असते, की दोन दिवस मला कुणी चहा मागू नये. पैसा मात्र एकच, आणि तोही बोनसातला.

पंचशील घेतलेल्या घराने वाईनच्या गावाला जावे काय, असे एका ज्येष्ठ उपासकांनी मला विहारात विचारले. मी म्हटले, बाबा, द्राक्षाचा वेल पाहिल्याने शील मोडत नाही. पेल्याला हात लावायचा नाही, हे घरूनच ठरवून निघावे.

आता मुक्कामाचे. नाशिकरोड स्टेशन मूळ शहरापासून नऊ-दहा किलोमीटर दूर आहे. द्राक्षमळे पश्चिमेला गंगापूर धरणाच्या अंगाला, लेणी दक्षिणेला मुंबई-आग्रा रस्त्यावर आणि पंचवटी गोदावरीच्या पलीकडे. तीन दिशांना तीन गोष्टी. हा नकाशा डोक्यात नसला तर खोलीत वाचवलेले पैसे रिक्षात जातात.

मळ्यातल्या खोल्यांची मोहिनी मोठी आहे. सुला कंपनी १९९९ साली निघाली, २००१ साली शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, आणि मग गंगापूर, दिंडोरी या बाजूंना वाईनचे कारखाने वाढले. काहींनी शेजारी खोल्या बांधल्या. सकाळी उठून समोर वेलींच्या रांगा, मागे धरणाचे पाणी, हे सुख खरेच आहे. पण अंधार पडल्यावर तिथून गावात यायला वाहन सहज मिळत नाही, म्हणजे जेवण तिथेच आणि तिथल्याच दराने. पाच माणसांच्या कुटुंबाचे दोन वेळचे जेवण जमेस धरा, मग खोली किती स्वस्त ते कळेल. फोनवर स्पष्ट विचारावे : दर कर धरून की सोडून? जादा गादीचे किती? मुलांचे किती? शनिवार-रविवारचा भाव वेगळा आहे काय? नवे जोडपे असेल तर त्यांनी आठवड्याच्या मधल्या दिवशी एक रात्र खुशाल काढावी. सगळ्या घराने तिथे राहण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

पंचवटीत धर्मशाळा स्वस्त पडतात, नदीही जवळ. पण पुष्कळशा धर्मशाळा एकेका समाजाच्या नावाने बांधलेल्या आहेत. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला एका ठिकाणी आधी आडनाव विचारले आणि मग खोली शिल्लक नसल्याचे सांगितले. लहान मुलांसमोर हे ऐकायची वेळ कशाला आणावी? पंचवटीत जावे जरूर. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, ती जागा मुलांना चालत नेऊन दाखवावी. झोपायला दुसरीकडे यावे.

माझे मत मुंबई नाका ते सीबीएस या पट्ट्यातल्या साध्या लॉजला. एसटीची स्थानके जवळ, लेण्यांकडे रस्ता सरळ, गंगापूर बाजूलाही वाहने मिळतात, आणि मिसळ-पापडापासून थाळीपर्यंत सारे पायी अंतरावर. बाईला चूल नाही आणि डबाही नाही. पैसे भरण्याआधी खोली उघडून पाहावी, गरम पाणी किती वाजेपर्यंत ते विचारावे. खाली परमिट रूम असेल तर सरळ पुढचे लॉज गाठावे.

पहिल्या सकाळी ऊन चढण्याआधी लेण्या कराव्यात. एकूण २४ लेणी आहेत. पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हाताऱ्यांना बसत-बसत न्यावे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. मी कारकून माणूस, मला त्यातला हिशेब फार आवडतो. गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे त्याने ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातले २००० दरमहा शेकडा १ व्याजाने, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२. बारा गुणिले वीस, २४०. पै न् पै जुळते! मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खर्चायचे. आपल्या किती मंडळांना हे जमते?

त्याच लेण्यात असेही कोरले आहे, की उषवदाताने भडोच, मंदसोर, सोपारा आणि गोवर्धन इथे वाटसरूंसाठी चौसोपी निवारे बांधले. सोपारा म्हणजे आपले नालासोपारा, जिथून आपल्यातले कित्येकजण रोज लोकल पकडतात. आणि गोवर्धन हे नाव आजही गंगापूर रस्त्याच्या अंगाला गाव म्हणून आहे, सुलाचे मळे त्याच शिवारात. म्हणजे मुलगा मोबाईलवर ज्या गावची खोली शोधतो, तिथे मुक्कामाची सोय एकदा लेण्यातल्या दगडावर नोंदली गेली होती.

दुपारनंतर त्या गोवर्धनला जावे. जानेवारी ते मार्च हा वाईनच्या द्राक्षांच्या तोडणीचा हंगाम. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नुसते खुंट दिसतात आणि पावसाळ्यात पाने असतात, घड नसतात. हंगामात गेलात तर रस्त्याने मजुरांच्या टोळ्याही दिसतील. पेठ, सुरगाणा भागातली आदिवासी माणसे या कामाला येतात आणि तोडणी थंडाव्यात पहाटेच सुरू होते. मुलांना आधी ही माणसे दाखवावीत, कारखान्याच्या चकचकीत टाक्या नंतर.

दुसऱ्या दिवशी पंचवटी, थोडा चिवडा, आणि संध्याकाळच्या तपोवन एक्सप्रेसने मुंबई. रस्त्याकडेला पाट्यांतून विकायला ठेवलेली द्राक्षे घ्यावीत. ती खायची जात असते, वाईनची नव्हे. घरी आल्यावर मिठाच्या पाण्यात घालून धुवावीत, कारण फवारणी भरपूर असते.