लाइट आहे का?

चाकणहून निघताना मी घरी फोन करून 'लाइट आहे का?' असं विचारतो, तेव्हा शेजारच्या डेस्कवरच्या पोराला वाटतं, याला वीज गेल्याचं टेन्शन आहे. अर्धं बरोबर आहे. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की पाण्यातला ऑक्सिजन उतरायला लागतो. म्हणून एक पंप इन्व्हर्टरवर टाकलाय. पण माझा खरा प्रश्न वेगळा असतो. टँकवरचा एलईडी वेळेवर लागला का, आणि किती टक्क्यांवर?

तर मंडळी, राजगुरुनगरात (आम्ही अजूनही खेडच म्हणतो) दुसऱ्या मजल्यावर, टीव्हीच्या शेजारी तीन फुटांचा समुद्र आहे. नळाचं पाणी आरओमधून काढायचं, त्यात पुड्यातलं समुद्री मीठ कालवायचं, घनता १.०२५ वर आणायची, की झाला समुद्र! भीमेच्या काठावर राहणाऱ्या माणसाने मीठ विकत आणून समुद्र का बनवावा, हा सासूबाईंचा प्रश्न रास्तच आहे. त्यांच्या लेखी पोवळं म्हणजे मंगळासाठी अंगठीत घालायचं. ते जिवंत असतं आणि आपलं पाहून तोंड मिटतं, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

हा समुद्र माझा नाही, मित्राचा आहे. आम्ही दोघं एकाच प्लँटमध्ये क्वालिटीला. त्याला जर्मनीची पोस्टिंग मिळाली. गाडी विकली, फ्लॅट भाड्याने दिला, टँक माझ्या गळ्यात. दोन क्लाउनफिश, थोडे मशरूम, एक झेनिया आणि त्याचा जीव की प्राण असलेला झोअँथिड्सचा दगड. साठेक पॉलिप्स, हिरवी झालर, मधे केशरी ठिपका. चार वर्षं लागली होती त्याला एवढं वाढवायला. जाताना एवढंच म्हणाला, 'बाकी काही करू नकोस रे, फक्त सांभाळ.'

आणि मी नेमकं 'काही तरी' केलं.

दोन महिन्यांनी झोअँथिड्सचा रंग फिका दिसायला लागला. काही पॉलिप्स मिटलेलेच. माझं डोकं चाललं कुंडीतल्या झाडासारखं: पान पिवळं पडलं, म्हणजे ऊन कमी पडतंय. दगड उचलून वरच्या कपारीत ठेवला, एलईडी ५० टक्क्यांवरून ८० वर नेला. टँक काय झगमगला! बायको म्हणाली, 'आता कसं छान दिसतंय!' आठवड्यात अर्धे पॉलिप्स पांढरे. पंधरा दिवसांत गळून गेले.

गंमत अशी, की फंडा बरोबर उलटा आहे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात, झूझँथेली. ती उजेडावर साखर तयार करतात, प्रवाळ त्यावर जगतो. उजेड कमी पडला तर प्रवाळ सहसा तपकिरी पडतो, कारण अंगातलं शैवाल वाढतं. उजेड जास्त झाला, त्यात पाणीही तापलं, की शैवालाचं यंत्रच बिघडतं, घातक ऑक्सिजन रेणू तयार होतात आणि प्रवाळ आपल्या भाडेकरूला बाहेर काढतो. त्यालाच ब्लीचिंग म्हणतात. म्हणजे तो फिका रंग ओरडून सांगत होता, 'लाइट कमी कर!' मी अजून मोठा दिवा लावला.

आणि हे कुणी केलं, तर दिवसभर दहा मायक्रॉनसाठी सप्लायरशी हुज्जत घालणाऱ्या माणसाने. कॅलिब्रेशनची तारीख उलटलेलं गेज आम्ही शॉपफ्लोअरवर दिसू देत नाही. घरी मात्र सगळा कारभार 'बरं दिसतंय की' वर.

सगळ्यात वाईट गोष्ट पुढची. मित्र रविवारी व्हॉट्सअॅपवर फोटो मागायचा. मी दगडाची जी बाजू शाबूत होती तिचाच फोटो पाठवायचो. तीन महिने.

मग मोजायला घेतलं. आधी लक्स मीटर धरला, इन्स्पेक्शन टेबलवरचा उजेड तपासायला वापरतात तसला. पांढरा चॅनल बंद करून फक्त निळा ठेवला, तर आकडा धाडकन पाव झाला. खूश झालो, की निळ्यावर ठेवलं तर धोका नाही. पण लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपला डोळा हिरव्या-पिवळ्याला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात जास्त दाद देतो, निळ्याला फारशी नाही. झूझँथेलींची मात्र निळ्यावरच चंगळ. त्यांच्यासाठी माप वेगळं: पार. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण दर सेकंदाला एक चौरस मीटरवर किती पडतात, ते मायक्रोमोलमध्ये. पाण्याखाली चालणारा पार मीटर चांगला महाग असतो. पुण्यातल्या एका हौशी काकांनी दोन दिवसांसाठी दिला, वर बजावलं, 'झोअँथिडला हात लावताना ग्लोव्हज घाला. काहींत पॅलिटॉक्सिन असतं, आणि तो दगड उकळायचा तर कधीच नाही.' मी चार महिने उघड्या हाताने दगड सरकवत होतो! नशीब.

मीटर आधी गच्चीवर नेला. भर दुपारी १,९००. मग टँक. पाच जागा, तीन उंच्या, प्रत्येक रीडिंग तीनदा. सवय जात नाही. पंप बंद ठेवले, कारण लाटांमुळे आकडा नाचतो. पृष्ठभागाखाली मध्यभागी ४१०. ज्या कपारीत मी दगड बसवला होता तिथे २४०. तिथून एक वीत बाजूला, फक्त एक वीत, १२०. डावा खालचा कोपरा, ४५. डोळ्याला या तिन्ही जागा सारख्याच 'उजेडाच्या' वाटत होत्या! डोळ्याची बाहुली आपोआप सांभाळून घेते ना, म्हणून दुप्पट उजेडही आपल्याला 'थोडा जास्त' इतकाच वाटतो. हौशी लोक झोअँथिड्सना साधारण ५० ते १५० देतात, मशरूमला त्याहून कमी. मी २४० दिले होते, एका झटक्यात.

अजून एक शोध लागला. वरच्या काचेवर मिठाचे शिंतोडे वाळले होते. काच पुसली, तर रीडिंग वीस टक्क्यांनी वाढलं. म्हणजे दर वेळी काच स्वच्छ केली की मी नकळत दिवा वाढवत होतो. प्रोसेस कंट्रोलच्या नावाने बोंब!

मालवणला स्नॉर्केलिंग केलं तेव्हा हे कळायला हवं होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ हाताच्या अंतरापलीकडचं धूसर दिसत होतं, तरी तिथे प्रवाळ होतं. गढूळ पाण्यात उजेड खोल जात नाही, म्हणून ते उथळातच राहतं. उलट कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक किनाऱ्यापासून शंभरहून जास्त किलोमीटर आत. तिथे पाणी नितळ, त्यामुळे वीस मीटर खालीसुद्धा प्रवाळ आहे. जो तो आपापल्या उजेडात राहतो.

मधे एका दुकानदाराने तोडगा सुचवला. 'सर, मेलं ते सोडा. हार्ड कोरल देतो, मस्त पीस आहे, बिलाचं बघू नका.' मोह झाला, खोटं कशाला बोलू? मित्र परत येईपर्यंत टँक पुन्हा भरलेला दिसला असता. पण कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल वनमध्ये आहेत, वाघाच्या पंक्तीला. तीन ते सात वर्षांची सोय. आणि समजा कुणी पकडलं नसतं, तरी मेलेल्या प्रवाळाची भरपाई समुद्रातून तोडलेल्या प्रवाळाने करायची? सॉफ्टसुद्धा आता बिल आणि 'कुठून आलं' हे विचारूनच घेईन, असं ठरवलं. अजून घेतलेलं नाही.

दगड १२० च्या जागेवर आणला, पण थेट नाही. एलईडी आधी ३० टक्क्यांवर, मग दर चार दिवसांनी पाच टक्के वर, ५० पर्यंत. दिवसाला नऊ तास. उरलेल्या पॉलिप्सपैकी बावीस उघडले.

त्या रविवारी मित्राला फोटो नाही पाठवला, व्हिडिओ कॉल केला आणि दगड पूर्ण फिरवून दाखवला. अर्थात, ग्लोव्हज घालून. तो बराच वेळ काही बोलला नाही.

'मला कळलं होतं,' मग म्हणाला. 'तीन महिने एकाच बाजूचा फोटो येतोय म्हटल्यावर काय समजायचं? तू कधी सांगतोस, तेच बघत होतो.'

मी सॉरी म्हणायला लागलो, तर म्हणे, 'ते असू दे. रीडिंग्ज घेतलीस ना? शीट पाठव. आणि डावा कोपरा पंचेचाळीस आहे ना, तर मशरूम तिथे हलव. आत्ताच हलव, मी लाइनवर आहे.'