पाट्यांचा बाक

वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली सोलापुरात झाला आणि त्यांनी 1944 साली उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून पुढे फियाट 1100 ही मोटार बाहेर पडली, जिला सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. त्यामुळे सोलापूरच्या उन्हात उभ्या असलेल्या जुन्या पद्मिनीचे या शहराशी दूरचे का होईना, नाते लागते.

मागचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या बाकदार पोलादी पट्ट्या, नवे असतील तर रिकाम्या पद्मिनीचा मागचा भाग किंचित उचललेला दिसतो आणि आजच्या हौशी मालकाच्या डोळ्यांना नेमके तेच खुपते. टपावरून डिकीकडे उतरत आलेली रेषा जमिनीकडे झुकावी आणि चाकाचा माथा मडगार्डच्या सावलीत शिरावा, अशी त्याची इच्छा असते. या हौसेत सौंदर्यदृष्टी नाही असे नव्हे. मात्र मागच्या सीटवर दाटीवाटीने बसलेली माणसे, डिकीतल्या वळकट्या आणि टपावरच्या कॅरिअरला बांधलेल्या ट्रंका घेऊन एखादे कुटुंब तुळजापूरला निघाले की हीच गाडी समतल होत असे, कारण ती उंची ओझ्यासाठी राखून ठेवलेली जागा होती.

मागची दोन्ही चाके ज्या आडव्या पोलादी आसाने जोडलेली असतात, तो आस दोन्ही बाजूंच्या पाट्यांच्या संचांना यू-बोल्टने आवळलेला असतो. संचातला एक पाटा काढला की गाडी बसते, पण उरलेल्या पाट्यांवरचा ताण वाढतो आणि खड्ड्यात आस रबरी अटकावावर आदळू लागतो. पाट्यांचा बाक कमी केला तर ताठपणा टिकतो, तरी आसाला वर सरकायला मिळणारे अंतर घटतेच. पाटा गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ करणे ही तर सर्वांत वाईट रीत, कारण त्याने पोलादाचे पाणी उतरते. पाटे आसाच्या खालून जात असतील तर दोहोंमध्ये ठोकळा बसवूनही उंची उतरवता येते. आस पाट्यांच्या खाली असेल तर तोच ठोकळा गाडी उलट वर उचलतो, हे उत्साहाच्या भरात विसरले जाते. शिवाय शेपूट खाली आली की पुढचे दिवे वर रोखतात आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतात, त्यामुळे त्यांचा रोख पुन्हा बसवावा लागतो.

केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळते, पण तिने मूळ रूप राखलेले असावे लागते. म्हणून ज्याला गाडी बसवायचीच आहे त्याने वेगळा संच घडवून घ्यावा आणि मूळ पाटे ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून जपून ठेवावेत.