व्हायकिंग लोक आणि आमचे वडील

गेल्या पावसाळ्यात वाचनालयातून व्हायकिंग लोकांविषयीचे एक पुस्तक आम्ही घरी नेले. नावा किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या व वडील ओटीवर फाटलेले जाळे सांधीत बसले होते. “एवढे काय वाचतोस?” असे त्यांनी विचारताच आम्ही मोठ्या ऐटीने सांगू लागलो.

हे लोक मूळचे डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन या देशांचे. इ. स. 793 साली त्यांनी इंग्लंडातील लिंडिसफार्नचा मठ लुटला व पुढे सुमारे पावणेतीनशे वर्षे युरोपच्या किनाऱ्यांवर त्यांचा दरारा राहिला. त्यांच्या नावाच्या मुळाशी खाडी या अर्थाचा शब्द असावा, असे काही पंडित मानतात.

“म्हणजे खाडीकाठचे लोक. आपल्यासारखेच,” वडील म्हणाले.

खरे सांगावयाचे तर हे साम्य आम्हांस मुळीच रुचले नाही. कोठे ते वीर आणि कोठे वसईच्या किल्ल्याजवळील आमचे पाचूबंदर!

“त्यांच्या नावेच्या फळ्या कशा जोडीत?”

आम्ही पाने चाळली. एका फळीच्या कडेवर दुसरीची कड चढवून लोखंडी खिळे मारीत व फटींत डांबरात भिजविलेली लोकर भरीत. वडिलांचे हात थांबले. “लोकर? आपण कापूस ठासतो.”

मग आईने ते खात काय, असे विचारले. पुन्हा पुस्तक पाहावे लागले. बहुतेक व्हायकिंग शेतकरीच होते. जव पिकवीत, गुरे राखीत. उत्तरेस लोफोटेन बेटांत कॉड नावाचा मासा मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगून थंड वाऱ्यात वाळवीत. “हे तर वलांडीवरचे बोंबील!” असे म्हणून आई पोटभर हसली.

थोर हा त्यांचा मेघगर्जनेचा देव; त्याचा हातोडा ते गळ्यात घालीत. पुढे ख्रिस्ती धर्म आला. डेन्मार्कात एक दगडी साचा सापडला आहे. त्यात क्रूस व हातोडा दोन्ही ओतता येत. कारागीर व्यवहारचतुर खरा! हे ऐकून आजी मात्र हसली नाही. धर्मगुरूंनी पवित्र पाणी शिंपडल्यावाचून ती आमची नाव दर्यात जाऊ देत नाही. परंतु नारळी पौर्णिमेस हिंदू कोळी समुद्रास नारळ अर्पण करतात, तेव्हा तीही दुरून हात जोडते, हे आम्ही पाहिले आहे.

वर्गात मासळीच्या वासावरून हशा होई, म्हणून ‘पालकांचा धंदा’ या रकान्यात आम्ही दोन वर्षे ‘व्यापार’ असे लिहीत आलो होतो. या जूनमध्ये ‘मासेमारी’ असे लिहून कागद वडिलांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, सही केली. बोलले काहीच नाहीत. रात्री जेवताना मात्र एकाएकी म्हणाले, “त्यांची शिडे कशाची रे?”

“लोकरीचीच.”

वडिलांची नाव यंत्रावर चालते. शिडे आजोबांच्या काळची. तरीही ते बराच वेळ विचार करीत राहिले. “भिजल्यावर जड होत असतील,” ते म्हणाले, आणि आम्हांस पुन्हा पुस्तक उघडावे लागले.