राणीची तलवार आणि माझं बी. ई.

गणेशोत्सवाच्या नाटकात माझी लेक झाशीची राणी होणार होती. आमच्या ग्वाल्हेरात ही भूमिका म्हणजे चेष्टा नाही. १८५८ साली राणीला वीरमरण आलं ते इथेच. फुलबागेत तिची समाधी आहे.

"बाबा, अंधारात माझी तलवार चमकली पाहिजे," असं फर्मान निघालं. मी बी. ई.! म्हटलं, त्यात काय? नाटकाच्या आदल्या रात्री पांढरे एलईडी घेतले आणि थेट नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडले. दोन क्षणभर लख्ख पेटले आणि कायमचे गेले. लेकीचं तोंड एवढंसं झालं.

"अरे, रेझिस्टर कुठाय?" अण्णांनी विचारलं. तरुणपणी ते घरी रेडिओ दुरुस्त करायचे. मी रोज कोड लिहितो. चुकलं की खोडून पुन्हा चालवतो. इथे चुकलं की जळतं.

मग कागद घेतला. तीन पेन्सिल सेलचे ४.५ व्होल्ट, त्यातले ३ एलईडीचे, उरले १.५. त्याला २० मिलिअँपिअरने भागलं, आले ७५ ओहम. अण्णांनी जुन्या डब्यातून ८२ ओहमचे रेझिस्टर काढले, प्रत्येक एलईडीला वेगळा. "सगळ्यांना एकच दिलास तर एखादा जास्त खाईल, बाकीचे उपाशी राहतील."

लेकीने टॉर्च धरला, मी डाग दिले. पुठ्ठ्याचं पातं रात्री एकला उजळलं.

नाटकानंतर लेक सगळ्यांना सांगत होती, "तलवार आमच्या अण्णांनी केली." मी दुरुस्ती केली नाही. खरंच होतं ते.